टू-व्हीलरची एजन्सी घेताना कंपनी सगळ्यात शेवटी ठरवा

“वहिनी, एजन्सी घ्यायची म्हणतोय. हिरोची घेऊ का होंडाची?” सांगोल्याकडून, मंगळवेढ्याकडून, कधी पार करमाळ्याहून पोरं येतात ती हाच प्रश्न घेऊन. जागा रस्त्याला लागून असते, घरात डाळिंबाचे किंवा उसाचे चार पैसे शिल्लक असतात, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की गाड्यांच्या धंद्यात नुकसान होतच नाही. मी त्यांना कंपनीचं नाव बाजूला ठेवायला सांगते आणि दोन गोष्टी विचारते. शोरूममध्ये ज्या गाड्या उभ्या राहणार, त्यांच्यात पैसा कोणाचा अडकणार? आणि कंपनीच्या कागदावर नाव कोणाचं असणार? या दोन्हींची उत्तरं मिळाली की कोणत्या तऱ्हेची एजन्सी आपल्याला झेपेल ते निम्मं कळतं. कंपनी कोणती, हे त्यानंतर.

आमच्या घरी अकलूज भागात हा धंदा सासऱ्यांनी सब-डीलर म्हणून सुरू केला, पुढे मुख्य डीलरशिप मिळाली. विक्रीची बाजू घरातले बाकीचे बघतात. बँक, जीएसटी, स्टॉक रजिस्टर आणि कंपनीचं खातं माझ्याकडे असतं. त्यामुळे इथे जे लिहितेय ते हिशेबाच्या टेबलावरून दिसतं तसं लिहितेय.

किती तऱ्हेने या धंद्यात शिरता येतं

सगळ्यात वरची तऱ्हा मुख्य डीलरची. कंपनीशी थेट करार, कंपनीकडून थेट बिलिंग, विक्री-सर्व्हिस-स्पेअर्स तिन्ही आपल्याकडे. म्हणून त्याला थ्री-एस म्हणतात. गाडी कारखान्यातून निघते तेव्हाच तिचे पैसे कंपनीला पोचलेले असतात, मग ते आपल्या खिशातले असोत की बँकेच्या चॅनल फायनान्समधले, म्हणजे माल उचलण्यासाठी बँक देते त्या कर्जातले. शोरूम कंपनीच्या नकाशाप्रमाणे उभारायचं: टाइल्स, दिवे, बोर्ड, काउंटर, सगळं ठरलेलं. वर्कशॉप, ट्रेनिंग घेतलेले मेकॅनिक आणि कंपनीचं सॉफ्टवेअर हे वेगळंच. नफा आपला, आणि गाडी विकली गेली नाही तर व्याजही आपलंच.

दुसरी तऱ्हा सब-डीलरची. कंपनीगणिक नाव वेगळं असतं; हिरोकडे त्याला एआरडी, म्हणजे डीलरचा अधिकृत प्रतिनिधी म्हणतात. इथे आपला व्यवहार मुख्य डीलरशी. गाडीमागे ठरावीक कमिशन मिळतं, माल बऱ्याचदा मुख्य डीलरचाच असतो आणि आपण थोडं डिपॉझिट किंवा चेक देऊन ठेवतो. पासिंग, नंबर प्लेट, इन्शुरन्स हे सगळं मुख्य डीलरकडून होतं. पाच-सात हजार वस्तीच्या मोठ्या गावात, जिथे महिन्याला पंधरा-वीस गाड्या जातील असा अंदाज आहे, तिथे ही तऱ्हा मला सगळ्यात समंजस वाटते. सासऱ्यांनी हीच वाट धरली होती. गिऱ्हाईक कसं वागतं, फायनान्सवाला केव्हा फाइल परत पाठवतो, कुठल्या महिन्यात शुकशुकाट असतो, हे दुसऱ्याच्या मालावर शिकता येतं.

तिसरी तऱ्हा छोट्या दालनाची. रॉयल एनफिल्डने लहान शहरांसाठी ‘स्टुडिओ स्टोअर’ काढली, जागा कमी आणि खर्च आटोपशीर. होंडाने मोठ्या गाड्यांसाठी ‘बिगविंग’ वेगळं केलं, हिरोने ‘प्रीमिया’. यांच्याबद्दल पुढे लिहिते. चौथी तऱ्हा फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरची. तिच्याकडे तरुण पोरं बघतही नाहीत, आणि ते मला खटकतं, कारण हातात कला असणाऱ्या मेकॅनिकला कमी भांडवलात यासारखा दुसरा स्थिर धंदा नाही.

पाचवीही आहे: मल्टी-ब्रँड दुकान. बोर्डावर पाच कंपन्यांची नावं, कागद एकाही कंपनीचा नाही. जवळच्या डीलरकडून गाड्या उचलायच्या आणि दोन-तीन हजार ठेवून विकायच्या. ही वाट मी कुणालाच सुचवत नाही. नवी, नोंदणी न झालेली गाडी धंद्यासाठी बाळगायची तर आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट लागतं. नोव्हेंबर २०२२ पासून नियम बदलले. आता हे सर्टिफिकेट पाच वर्षांसाठी मिळतं, पूर्वी वर्षाचं होतं. पण त्यासाठी कंपनीचं डीलर म्हणून प्राधिकारपत्र हवंच. ते नसताना दुकानात नवी गाडी उभी केली आणि तपासणी आली, तर दाखवायला काहीच नाही. सब-डीलर होणाऱ्यानेही हे आधीच स्पष्ट करून घ्यावं. मुख्य डीलर म्हणतो “आमच्या सर्टिफिकेटवर चालतं”, तर आपल्या दुकानाचा पत्ता त्यात बसतो का, हे आरटीओत स्वतः जाऊन विचारा. डीलरच्या शब्दावर थांबू नका.

उभ्या गाडीचं व्याज

आता पैशाकडे येते, कारण इथेच सगळं ठरतं. समजा, महिन्याला ६० गाड्या विकता आणि एका गाडीची खरेदी सरासरी ८०,००० रुपयांना पडते. कायम ४५ दिवसांचा माल उभा असेल तर ९० गाड्या झाल्या. म्हणजे ७२ लाख रुपये. बँकेचं व्याज वर्षाला १० टक्के धरलं तर ७ लाख २० हजार, महिन्याला ६०,०००. ६० गाड्यांवर वाटलं तर विकलेल्या प्रत्येक गाडीमागे हजार रुपये नुसत्या व्याजाचे गेले. आता हाच माल २१ दिवसांचा ठेवला, तर ४२ गाड्या, ३३ लाख ६० हजार, आणि गाडीमागे व्याज ४६७ रुपये. २१ हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. वाहन विक्रेत्यांची देशपातळीवरची संघटना आहे, फाडा, १९६४ पासूनची. ती कंपन्यांना वर्षानुवर्षं हेच सांगतेय की डीलरकडे २१ दिवसांपेक्षा जास्त माल ढकलू नका.

ढकलू नका म्हटलं तरी ढकलतात. महिन्याची २८ तारीख आली की एरिया मॅनेजरचा फोन येतो: दोन मॉडेलचं बिलिंग राहिलंय, तेवढं उचला, टार्गेट झालं की स्कीम बसेल. स्कीमचे पैसे नंतर क्रेडिट नोटने, म्हणजे कंपनीकडच्या आपल्या खात्यात जमा होऊन येतात, व्याजाचं मीटर मात्र त्याच रात्री सुरू होतं. मुख्य डीलर होणाऱ्याला या फोनला “या महिन्यात नको” म्हणता आलं पाहिजे. बँकेतली लिमिट पूर्ण भरलेली असेल तर ते जमत नाही. म्हणून माझा हिशेब असा असतो: जेवढी लिमिट मंजूर होईल, तिच्या साठ-पासष्ट टक्क्यांतच रोजचा धंदा बसला पाहिजे. बसत नसेल तर मुख्य डीलरशिप आत्ता आपल्यासाठी नाही, सब-डीलरशिप आहे.

आणि उभी गाडी नुसती व्याजच खात नाही, शिळीही होते. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी जानेवारीत गिऱ्हाईक घेत नाही. चॅसिस नंबरवरून बनावटीचं वर्ष वाचणारी पोरं आता प्रत्येक गावात आहेत. मग वर्षअखेर सूट द्यावी लागते, ती कुठून द्यायची?

सरकारी नियम बदलला की तोही उभ्या गाडीवरच पडतो. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या मानकाच्या, गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद केली. मधल्या दोन दिवसांत देशभर शोरूमसमोर ज्या रांगा लागल्या त्या लोकांना अजून आठवतात. २०२० मध्ये बीएस-४ ची शेवटची तारीख ३१ मार्च होती आणि २५ मार्चला लॉकडाऊन लागलं. न्यायालयाने आधी थोडी सवलत दिली, मग जुलैमध्ये तीही मागे घेतली. ज्या डीलरने मार्चच्या सुरुवातीलाच माल हलका केला होता तो वाचला.

सगळ्यात अलीकडचं उदाहरण जीएसटीचं. ते जरा सविस्तर सांगते, कारण नव्या माणसाला हे कुणी सांगत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. गिऱ्हाइकाला आनंद झाला आणि तो रास्तच होता. त्या दिवशी घटस्थापना होती. पण आदल्या दिवशी गोडाउनमध्ये जी गाडी होती ती आपण २८ टक्के कर भरून आणलेली. ७०,००० मूळ किमतीची गाडी धरा. खरेदीवर कर गेला १९,६००. ती ७४,००० मूळ किमतीला विकली, तर १८ टक्क्यांनी गिऱ्हाइकाकडून कर घेतला १३,३२०. फरक ६,२८० रुपये. हे पैसे बुडाले नाहीत, जीएसटीच्या क्रेडिट खात्यात पडून राहिले. पण नवीन दराने आणलेली गाडी विकली की आपल्याला भरायचा कर उरतो फक्त ७२०. म्हणजे एका जुन्या गाडीचं अडकलेलं क्रेडिट वापरायला जवळजवळ नऊ नव्या गाड्या विकाव्या लागतात. त्या रात्री ९० गाड्या उभ्या असणाऱ्याचे ५ लाख ६५ हजार अडकले, ४२ वाल्याचे २ लाख ६४ हजार. सर्व्हिसच्या बिलावरचा जीएसटी चांगला असेल तर क्रेडिट थोडं लवकर संपतं. कंपनीने अशा वेळी भरपाईची क्रेडिट नोट द्यायची की नाही, हे करारात लिहिलेलं असतं का, ते सही करण्याआधी बघा.

गावात गाड्या किती खपतात हे घरबसल्या कळतं

कंपनीचा माणूस येतो तेव्हा त्याच्याकडे सुंदर तक्ते असतात. तुमच्या तालुक्यात एवढी मागणी, एवढा वाव. त्या तक्त्यांवर जाऊ नका. केंद्र सरकारचा ‘वाहन’ डॅशबोर्ड सगळ्यांना फुकट उघडा आहे. त्यात राज्य महाराष्ट्र घ्या, आरटीओच्या यादीत आपलं कार्यालय निवडा. आमच्यासाठी ते अकलूज, एमएच-४५. उभ्या बाजूला ‘मेकर’ आणि आडव्या बाजूला महिना घ्या, डावीकडच्या यादीतून टू-व्हीलर निवडा. कुठल्या कंपनीच्या किती गाड्या कुठल्या महिन्यात नोंदल्या गेल्या, सगळं समोर येतं. मागची चार वर्षं कागदावर उतरवून घ्या.

हे आकडे खऱ्या नोंदणीचे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी गेलेल्या गाड्यांचे. दर महिन्याच्या एक तारखेला कंपन्या जे आकडे पेपरात देतात ते कारखान्यातून डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचे असतात. डीलरच्या गोडाउनमध्ये उभी असलेली गाडीसुद्धा त्यांनी ‘विकली’ म्हणून मोजलेली असते. दोन्हींत गल्लत करू नका.

एक अडचण आहे. आरटीओचं क्षेत्र मोठं असतं. आमच्या आरटीओत माळशिरस, पंढरपूर, सांगोला असे वेगवेगळ्या पाण्याचे तालुके एकत्र आहेत. त्यातला आपला वाटा काढायचा तर थोडं पायी फिरावं लागतं. आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारतळाजवळच्या पार्किंगमध्ये उभं राहा आणि दोन वर्षांच्या आतल्या गाड्या कुठल्या कंपनीच्या दिसतात ते लिहा. मागच्या नंबर प्लेटजवळ डीलरचं नाव असतं. किती गाड्या शेजारच्या तालुक्यातून आल्यात ते तिथेच कळतं. ती गाडी बाहेरून का आणली, हे मालकाला विचारा. तीन कारणं नेहमी ऐकायला मिळतात: डाऊन पेमेंट कमी लावलं, गाडी लगेच मिळाली, किंवा तिथे ओळखीचा माणूस आहे. यातलं कुठलं कारण तुम्ही मोडू शकता?

महिन्यांचे आकडे बघताना आपल्याकडचा पैसा केव्हा हलतो ते शेजारी लिहा. आमच्याकडे कारखान्यांचं गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, प्रत्यक्षात कारखान्या-कारखान्यावर अवलंबून. त्यामुळे दसरा-दिवाळीला जी गाडी जाते ती बहुतेक कर्जावर, आणि गुढीपाडव्याला जी जाते तिच्यात रोख जास्त. सांगोल्यात डाळिंबाचा बहार कुठला धरलाय त्यावर महिना बदलतो. पितृपक्षात डिलिव्हरी जवळजवळ थांबते. अधिक महिन्याचं तर शोरूम उभारताना कुणी धरतच नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. उद्घाटन करून महिनाभर एकही डिलिव्हरी नाही, असं व्हायला नको असेल तर पंचांग आणि कंपनीचं टार्गेट शेजारी ठेवून तारीख ठरवा.

वर्कशॉप आधी, काचेचं शोरूम नंतर

शोरूमला पैसा ओततात आणि वर्कशॉपला मागचा पत्रा. हे उलटं आहे. महिन्याचा ठरावीक खर्च, म्हणजे भाडं, पगार, लाइट, व्याज, समजा चार लाख आहे. सर्व्हिस आणि स्पेअर्समधून खर्च वजा जाता २ लाख ४० हजार सुटले, तर साठ टक्के खर्च तिथेच निघाला. उरलेले १ लाख ६० हजार विक्रीतून काढायचे; ६० गाड्यांवर गाडीमागे सुमारे २,७०० रुपये. हे जमण्यासारखं आहे. आता वर्कशॉपमधून फक्त ८० हजार निघत असतील, तर गाडीमागे ५,३०० लागतील, आणि शेजारच्या तालुक्यातल्या डीलरने दोन हजारांची सूट दिली की तुम्ही संपलात. मुख्य डीलरशिप टिकेल का नाही, याची माझी सगळ्यात भरवशाची कसोटी हीच.

म्हणून सब-डीलरशिपचा करार करताना सर्व्हिस आपल्याकडे राहणार का, हे आधी विचारा. पुष्कळ मुख्य डीलर विक्री देतात, सर्व्हिस देत नाहीत. फ्री सर्व्हिसचे पैसे कंपनी डीलरला देते. ती सर्व्हिस तुम्ही केली तर त्यातले तुमच्यापर्यंत किती आणि केव्हा येणार? वॉरंटीत बदललेला पार्ट कोणी द्यायचा? इन्शुरन्स आणि फायनान्सवर मिळणाऱ्या रकमेत वाटा आहे का? हे सगळं एका साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. तोंडी बोलणं पहिल्या दिवाळीपर्यंत टिकतं.

वर्कशॉपच्या जागेत दोन गोष्टी आवर्जून बघा. वॉशिंगचं पाणी कुठे जाणार, आणि निघालेलं इंजिन ऑइल कोण नेणार. ऑइल ओढ्यात सोडणं किंवा लाकडाच्या वखारीला विकणं हा गुन्हा आहे. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावं लागतं. प्रदूषण मंडळाची संमती, जागा अकृषिक असल्याचा कागद, फायर, शॉप ॲक्ट ही फाइल आधी तयार असली की कंपनीचा तपासणीवालाही नीट बोलतो.

मोठ्या गाड्या आणि विजेवरच्या गाड्या

पोरांचा ओढा मोठ्या गाड्यांकडे असतो. मला त्यात गैर काही वाटत नाही, पण हिशेब वेगळा आहे. गाडीमागे सुटणारी रक्कम जास्त, गाड्यांची संख्या कमी. कराची रेघ ३५० सीसीवर आहे: बुलेट ३५० किंवा क्लासिक ३५० यांच्यावर १८ टक्के, आणि त्याच कंपनीची ४५० किंवा ६५० घेतली की ४० टक्के. २०२५ मध्ये कर बदलला तेव्हा ट्रायम्फची स्पीड ४०० सुद्धा रेघेच्या वर होती. म्हणजे ज्या कंपनीच्या बहुतेक गाड्या रेघेच्या खाली बसतात, तिचं छोटं दालन तालुक्याच्या गावात चालू शकतं. ज्या कंपनीच्या सगळ्या गाड्या वर आहेत, तिला सोलापूर, कोल्हापूर, पुणे लागतं.

या गाड्या ऑन-रोड दोन लाखांच्या पुढे जातात आणि आपल्याकडे गिऱ्हाईक पिशवीत रोख घेऊन येतं. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, दोन-तीन दिवसांत तोडून घेतली तरी नाही. दंड घेतलेल्या रकमेएवढाच असतो आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे आपल्याला बसतो. काउंटरवरच्या मुलाला पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट हीच.

विजेच्या गाड्यांबद्दल माझं मत सावध आहे. भविष्य त्यांचं आहे, हे मी मानते. पण डीलरसाठी त्यांत दोन खाचा आहेत. एक, अनुदान. १ जून २०२३ ला फेम-२ या केंद्र सरकारच्या योजनेचं अनुदान बॅटरीच्या किलोवॅट-तासाला १५,००० वरून १०,००० वर आलं आणि कमाल मर्यादा कारखाना किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर. एका रात्रीत गाडी महाग झाली. ३१ मार्च २०२४ ला ती योजनाच संपली, पुढे नव्या योजना आल्या. असं धोरण हलतं तेव्हा आपल्याकडे कर्जाचा माल कमी असलेला बरा. दोन, इंजिन ऑइल नाही, क्लच प्लेट नाही, चेन-स्प्रॉकेटही बऱ्याच गाड्यांत नाही. म्हणजे मघाशी जी साठ टक्क्यांची कसोटी सांगितली ती इथे अवघड होते. शिवाय ओलासारखी कंपनी मुख्यतः स्वतःच्याच दुकानांतून विकत आली आहे. तिथे नेहमीच्या डीलरला फारशी जागा नाही. बजाजची चेतक किंवा टीव्हीएसची आयक्यूब घ्यायची तर मागे जुन्या कंपनीचं पार्टचं जाळं असतं. नव्या कंपनीची घ्यायची, तर बॅटरी बदलून द्यायची जबाबदारी कोणाची आणि किती दिवसांत, हे लेखी मागा. ते देत नसतील तर उठून या.

करारातली कलमं

करार इंग्रजीत आणि जाडजूड असतो. तो वकिलाकडून मराठीत समजून घ्यायला चार पैसे गेले तरी जाऊ द्या. आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि हातातला हा कागद, एवढाच आधार. २०२० च्या सप्टेंबरात हार्ली-डेव्हिडसनने भारतातली आपली विक्री गुंडाळायचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात हिरोशी करार झाला आणि गाड्या विकायच्या थांबल्या नाहीत, पण जुन्या डीलरांनी उभारलेल्या महागड्या शोरूमचं काय करायचं, हा प्रश्न त्यांच्याकडेच राहिला. एवढ्या मोठ्या नावाच्या बाबतीत हे झालं.

म्हणून मी कलमं मागून पुढे वाचते. आधी करार संपण्याचं कलम. किती दिवसांची नोटीस? कारण न देता काढता येतं का? करार संपल्यावर न विकलेल्या गाड्या, स्पेअर्स, खास टूल्स आणि बोर्ड कंपनी परत घेते का, आणि कुठल्या भावाने? “खरेदी किमतीने” आणि “कंपनी ठरवेल त्या किमतीने” यांत लाखांचा फरक आहे. मग क्षेत्राचं कलम. बहुतेक करारांत आपल्या तालुक्यात दुसरा डीलर नेमायचा हक्क कंपनी राखून ठेवते. तो पूर्ण काढून टाकायला ते तयार होणार नाहीत, पण नेमण्याआधी आपल्याला कळवायचं आणि पहिल्यांदा आपल्याला विचारायचं, एवढं पत्रावर मिळू शकतं. मागून बघा. मग वैयक्तिक हमी: घर आणि शेती त्यात ओढली जाते का? शेवटी कोर्ट. वाद झाला तर चेन्नईला किंवा दिल्लीला जायचं, असं लिहिलेलं असतं. ते बदलत नाही, पण खर्च डोळ्यासमोर राहतो.

घरातल्या भावांनी मिळून घ्यायची असेल तर फर्मचा कागद आधी करा. भागीदार बदलायचा झाला, वारस आणायचा झाला, तर कंपनीची परवानगी लागते, आणि ती मिळेपर्यंत बिलिंग थांबू शकतं. आमच्याकडे हे सगळं सासऱ्यांच्या हयातीतच लिहून ठेवलंय, त्यामुळे घरात कुणाला संकोच नाही.

एवढं झाल्यावर कंपनी निवडा. त्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यातल्या त्याच कंपनीच्या दोन डीलरांकडे जाऊन बसा. आपल्या जिल्ह्यातला मोकळं बोलत नाही. त्यांना “धंदा कसा आहे” असं विचारू नका. स्कीमची क्रेडिट नोट किती महिन्यांनी येते, वॉरंटीचे क्लेम किती नाकारले जातात, मागच्या महिन्यात न मागितलेली मॉडेलं किती आली, स्पेअर पार्ट ऑर्डर केल्यावर किती दिवसांनी येतो, हे विचारा. आणि त्यांच्या वर्कशॉपमध्ये पार्टची वाट बघत उभ्या असलेल्या गाड्यांवर किती धूळ बसलीय, ते जाता जाता बघून घ्या.

पसंत पडली, मुलाखत झाली, की कंपनी इरादापत्र देते. त्याला सगळे एलओआय म्हणतात. ते हातात आलं की पेढे वाटून बांधकामाला सुरुवात करतात. इरादापत्र म्हणजे करार नव्हे. त्यात मुदत असते, अटी असतात, आणि त्या पुऱ्या झाल्या नाहीत तर ते आपोआप रद्द होतं. तोवर जागामालकाशी नऊ वर्षांचं भाडं ठरवून बसू नका. भाडेकराराची मुदत कंपनीच्या कराराशी जुळवा, आणि कंपनीचा करार संपला तर तीन महिन्यांच्या नोटिशीवर जागा सोडता येईल, असं एक कलम त्यात घाला. तो करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सही नोंदवावं लागतं, आणि कंपनी व बँक दोघंही नोंदणीची प्रत मागतात.